गच्चीवरच्या भाजीनं शहराचं पोट भरेल का?

सिंगापूरनं २०१९ साली एक लक्ष्य जाहीर केलं: २०३० पर्यंत देशाच्या पोषणाच्या गरजेपैकी ३० टक्के अन्न देशातच पिकवायचं. ९० टक्क्यांहून जास्त अन्न बाहेरून आणणाऱ्या आणि शेतजमीन जवळजवळ नसलेल्या या शहर-देशासाठी ही फार मोठी उडी होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये हे लक्ष्य बाजूला ठेवण्यात आलं. त्याआधी अमेरिकेत, बंद इमारतीत दिव्यांच्या उजेडावर भाजी पिकवणाऱ्या एरोफार्म्स कंपनीनं २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला होता आणि बाउरी फार्मिंग २०२४ मध्ये बंदच पडली. एवढं वाचल्यावर कुणालाही वाटेल, की शहरातली शेती म्हणजे हौसेचं काम, त्यानं कुणाचं पोट भरत नाही.

पण सिंगापूरनं जुन्या लक्ष्याच्या जागी काय ठेवलं, तेही बघायला हवं. २०३५ पर्यंत भाज्या, मशरूम, मोड अशा तंतुमय अन्नाचा २० टक्के आणि अंडी-मासळी या प्रथिनांचा ३० टक्के वाटा देशातून यावा, असं नवं लक्ष्य आहे. म्हणजे सरसकट ‘अन्न’ हा शब्द गेला आणि शहराला काय जमतं, त्याची यादी आली. या बदलात शहरी शेतीची अख्खी गोष्ट सामावली आहे. ती समजून घ्यायला दोन गोष्टी लागतात: अन्नसुरक्षा या शब्दाचा अर्थ आणि थोडी बेरीज-वजाबाकी.

धरण भरलेलं, नळ कोरडा

अन्नसुरक्षा म्हटलं की डोळ्यांसमोर धान्याची गोदामं येतात. १९९६ साली रोममध्ये झालेल्या जागतिक अन्न परिषदेत जी व्याख्या मान्य झाली, ती याहून बरीच मोठी आहे. सगळ्या लोकांना, सदासर्वकाळ, पुरेसं, सुरक्षित आणि पोषक अन्न मिळवता आलं पाहिजे. ते जवळ असलं पाहिजे आणि खिशाला परवडलंही पाहिजे.

हे घरच्या नळासारखं आहे. धरणात पाणी हवं, ही झाली उपलब्धता. ते तुमच्या घरापर्यंत यायला हवं, हा झाला आवाका. आलेलं पाणी पिण्याजोगं हवं. अन्नाच्या बाबतीत याचा अर्थ खाल्लेलं अंगी लागायला हवं. आणि ते रोज यायला हवं, हे सातत्य. चारांपैकी एक तुटलं तरी घागर रिकामी राहते.

मोठ्या शहरांत पहिली अडचण सहसा नसते. बाजारात माल असतो. तुटतं ते पुढच्या तीन ठिकाणी. शहरातला माणूस जवळजवळ सगळं अन्न विकत घेतो, त्यामुळे मजुरी बुडाली की ताट लगेच आक्रसतं. आक्रसतानाही त्याचा एक क्रम असतो. धान्य शेवटपर्यंत टिकतं, कारण भूक त्यानंच भागते. आधी जातात फळं, मग भाजी, अंडी, दूध. पोट भरतं, पण शरीराला लोह, अ-जीवनसत्त्व आणि फोलेट (ब-गटातलं एक जीवनसत्त्व) मिळत नाही. ही भूक दिसत नाही, पण मुलांच्या वाढीवर आणि गर्भवती बाईच्या रक्तावर ती उमटते. शहरी शेतीचं मोल करायचं तर इथे करायला हवं. गोदामाच्या काट्यावर ती कायम हलकीच भरणार.

एका माणसाला किती जमीन लागते?

समजा, एका माणसाला दिवसाला २,१०० किलोकॅलरी ऊर्जा लागते आणि ती सगळी धान्यातून घ्यायची आहे. शंभर ग्रॅम धान्यातून साधारण ३५० किलोकॅलरी मिळतात, म्हणजे रोज ६०० ग्रॅम, वर्षाला सुमारे २२० किलो. गव्हाचं जागतिक सरासरी उत्पादन हेक्टरी साडेतीन टनांच्या आसपास आहे, म्हणजे चौरस मीटरला ३५० ग्रॅम. भागाकार केला की उत्तर येतं सव्वासहाशे चौरस मीटर. एका माणसासाठी.

आता दाट वस्तीचं शहर घ्या, जिथे चौरस किलोमीटरला २०,००० माणसं राहतात. तिथे माणशी एकूण जागाच ५० चौरस मीटर आहे. त्यात रस्ते, घरं, शाळा, नाले सगळं आलं. शहराचं धान्य शहरात पिकणार नाही; आज नाही आणि उद्याही नाही. कुणी तसं आश्वासन देत असेल तर त्याच्याकडून हा भागाकार करून घ्यावा.

पालेभाजीचं गणित मात्र वेगळं निघतं. माणशी रोज १०० ग्रॅम पालेभाजी धरली तर वर्षाला ३६ किलो होते. नीट राखलेल्या वाफ्यातून एका कापणीला चौरस मीटरमागे एक ते दीड किलो पाला मिळतो आणि वर्षात आठेक कापण्या निघतात, म्हणजे ८ ते १२ किलो. त्यामुळे एका माणसाची पालेभाजी तीन ते साडेचार चौरस मीटरमध्ये बसते. म्हणजे एका मोठ्या पलंगाएवढी जागा.

त्या १०० ग्रॅममध्ये असतं काय? पालकाचं उदाहरण घ्या. त्यातून मिळतात फक्त २३ किलोकॅलरी, म्हणजे दिवसाच्या ऊर्जेचा एक टक्का. पण मोठ्या माणसाला लागणाऱ्या अ-जीवनसत्त्वापैकी निम्म्याहून जास्त त्यातून येतं आणि कच्च्या पाल्यात फोलेटही जवळजवळ निम्मं असतं (शिजवताना त्यातलं काही जातं). ऊर्जा एक टक्का, पोषण निम्मं. शहरी शेतीवरचे बहुतेक वाद या दोन आकड्यांपैकी एकच पाहिल्यामुळे होतात.

जागतिक आरोग्य संघटना रोज किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खायला सांगते. तेवढं सगळं गच्चीवर होणार नाही. त्यातला हिरवा भाग होऊ शकतो.

शहरानं काय पिकवावं, काय सोडून द्यावं

जे सुकवून किंवा साठवून महिनोन्महिने ठेवता येतं आणि पोत्यात भरून हजार किलोमीटर नेता येतं, ते शेतावरच पिकू द्यावं: धान्य, डाळी, तेलबिया, कांदा, बटाटा. जे चोवीस तासांत मान टाकतं, ते शहरानं पिकवावं. पालेभाजीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. ती वाहून नेणं म्हणजे पाणी वाहून नेणं, तेही थंड ठेवून. उष्ण हवेत खुडलेल्या पाल्यातलं क-जीवनसत्त्व तासागणिक घटत जातं. सकाळी कापून दुपारी ताटात आलेली भाजी वाटेतली ही सगळी घट टाळते.

पालेभाज्यांच्या खालोखाल मिरची, टोमॅटो, वांगी, शेंगांचे वेल. जिथे ऊन अजिबात येत नाही, तिथे धिंगरी मशरूम: एक किलो कोरड्या काडावर दोन-तीन बहरांत ६०० ग्रॅम ते एक किलो ताजं मशरूम निघतं. फक्त ती खोली झोपायची नसावी, कारण मशरूमचे बीजाणू श्वासातून गेले तर छातीला त्रास देतात.

स्टेपनी फुगवून ठेवावी लागते

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत लोकांनी अंगणांत आणि मोकळ्या जागांवर भाजीच्या बागा लावल्या. १९४३-४४ च्या सुमारास अशा दोन कोटी बागा होत्या आणि देशातल्या ताज्या भाजीपैकी ४० टक्के त्यांतून येत होती, असा तेव्हाचा अंदाज आहे. युद्ध संपलं आणि त्यातल्या बहुतेक बागा काही वर्षांत नाहीशा झाल्या.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला, तसं क्युबाला मिळणारं इंधन, खत आणि अन्न एकदम आटलं. हवानातल्या रिकाम्या जागांवर बुटक्या भिंती बांधून, त्यांत माती आणि कंपोस्ट भरून लोकांनी भाजी सुरू केली. या वाफ्यांना तिथे ‘ऑर्गानोपोनिको’ म्हणतात. ते पुढेही टिकले, कारण सरकारनं जागा वापरायला दिली, बियाण्यांची दुकानं उघडली, सल्लागार नेमले. तरीही क्युबा धान्य आजही मोठ्या प्रमाणावर आयात करतो. वरचा भागाकार तिथेही चुकत नाही. अर्जेंटिनातल्या रोसारिओ शहरानं २००१ च्या आर्थिक संकटानंतर, २००२ मध्ये असाच कार्यक्रम सुरू केला: पडीक सार्वजनिक जमिनी बेरोजगार कुटुंबांना कसायला दिल्या आणि विक्रीसाठी आठवडी बाजारही भरवले.

तिन्ही ठिकाणी शहरी शेतीनं गाडीच्या स्टेपनीचं काम केलं. रोज तिच्यावर गाडी चालत नाही, पण चाक बसलं की तीच लागते. मात्र हवा नसलेली स्टेपनी काही कामाची नाही. बियाणं राखणं, खत करणं, कीड ओळखणं या गोष्टी संकट आल्यावर आठवड्याभरात शिकता येत नाहीत, आणि टाकाऊ मातीत जीव यायला दोन-तीन वर्षं लागतात. म्हणून चांगल्या दिवसांतही थोडी शेती चालू ठेवावी लागते.

दहा चौरस मीटरची बाग, पहिल्या दिवसापासून

आधी ऊन मोजा. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, दर तासाला जागेवर थेट ऊन आहे की सावली, हे लिहून ठेवा. तीन-चार तास ऊन असेल तर पालेभाज्या होतात. फळभाज्यांना सहा ते आठ तास लागतात. उजेड भरपूर आहे पण ऊन नाही, अशा जागी टोमॅटो लावला तर झाड उंच, लुकडं होतं, फुलं गळतात, आणि माणूस खताला दोष देत बसतो.

मग वजन. हा भाग कंटाळवाणा वाटला तरी टाळू नये, कारण इथली चूक स्लॅबला भोवते. ओल्या मातीचं वजन घनमीटरला १,६०० ते १,८०० किलो असतं. म्हणजे २० सेंटिमीटर जाडीचा थर चौरस मीटरला ३२० ते ३६० किलो भार टाकतो. राहत्या इमारतींच्या गच्च्या साधारणपणे चौरस मीटरला १५० ते २०० किलो वापरभार (माणसं, सामान असा वरून येणारा भार) धरून बांधलेल्या असतात. साध्या मातीचा वाफा गच्चीवर बसतच नाही. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि कंपोस्टचं हलकं मिश्रण ओलं असताना घनमीटरला ७०० ते ९०० किलो भरतं, म्हणून त्याच जाडीला १४० ते १८० किलो होतात. हेही काठावरच आहे. म्हणून वाफे गच्चीच्या मधोमध न ठेवता खालच्या भिंती आणि तुळया जिथे आहेत तिथे, सहसा कडेला ठेवायचे आणि मध्ये चालायला वाट सोडायची. भरलेला २०० लिटरचा पिंप म्हणजे दोन-तीन माणसं एका पाटावर उभी. तो फक्त तुळईवर ठेवावा. इमारत जुनी असेल, स्लॅबला गळती किंवा तडे असतील, सळया उघड्या पडल्या असतील, तर अभियंत्यानं पाहिल्याशिवाय काहीही चढवू नये.

पालेभाजीला १५ ते २० सेंटिमीटर खोली पुरते. मिरची-वांग्याला १५ ते २० लिटरची कुंडी, टोमॅटोला किमान २० लिटरची. तळाला दर १५ सेंटिमीटरवर बोटाएवढं भोक हवं. भोकांवर जाळी पुरे. तळाशी खडी घालायची पद्धत सर्वत्र आहे, पण तिनं निचरा सुधारत नाही. बारीक कणांच्या मिश्रणातलं पाणी खडीपाशी येऊन थांबतं आणि मुळांजवळ चिखल वर सरकतो. वाफा विटांवर चार बोटं उचलून ठेवला की पाणी निघून जातं आणि स्लॅबही कोरडा राहतो.

मिश्रण घमेल्यानं मोजावं: एक घमेलं कोकोपीट, एक घमेलं पिकलेलं कंपोस्ट, अर्धं ते एक घमेलं माती. कोकोपीटची वीट भिजवून पाणी दोनदा पिळून टाकायचं, कारण त्यात मीठ असू शकतं आणि त्यानं रोपांच्या कडा जळतात.

आता लागवडीतली सगळ्यात मोठी चूक: उत्साहानं एकाच दिवशी सगळीकडे बी टाकणं. पंचविसाव्या दिवशी खाऊन संपणार नाही इतकी भाजी येते आणि नंतरचे तीन आठवडे घरात पान नसतं. जागेचे चार भाग करा आणि दर आठवड्याला एका भागात पेरा. म्हणजे पाचव्या आठवड्यापासून दर आठवड्याला एक वाफा कापायला तयार असतो. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल, याहून खाली नको. उगवल्यावर दाट रोपं विरळ करायला हात धजत नाही, पण दाटीत हवा खेळत नाही, बुरशी येते आणि सगळीच रोपं खुरटतात. काढलेली कोवळी रोपं भाजीतच घालायची. जमिनीपासून तीन-चार सेंटिमीटर सोडून कापलं तर बऱ्याच पालेभाज्या दोन-तीनदा फुटतात.

या दहा चौरस मीटरमधून वर्षाला ८० ते १२० किलो पाला अपेक्षित आहे, म्हणजे चार माणसांच्या घरात माणशी रोज ५५ ते ८० ग्रॅम. पहिल्या वर्षी त्याच्या निम्मं धरावं आणि निराश होऊ नये.

पाणी आणि पिवळी पानं

कडक उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज चार ते सहा लिटर पाणी लागतं. दहा चौरस मीटरना ४० ते ६० लिटर. जिथे पिण्याचंच पाणी मोजून येतं, तिथे हा आकडा लहान नाही. तो कमी करायचे दोन खात्रीचे उपाय आहेत. एक, मातीवर पाच सेंटिमीटर वाळलेल्या पाल्याचं आच्छादन. दुसरा, पावसाचं पाणी: एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. पन्नास चौरस मीटर छतावर २० मिलिमीटरची एक सर आली की हजार लिटर होतात. सांडलवंड आणि पहिलं घाण पाणी सोडून आठशे तरी हाती लागतात. भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी चालतं. डिटर्जंटचं नको, त्यातलं सोडियम माती आवळून टाकतं.

गंमत म्हणजे, कुंडीतली झाडं पाण्याच्या अभावापेक्षा जास्त पाण्यानं मरतात. बोट दोन पेरं मातीत घाला. ओलं लागलं तर आज पाणी नाही. मुळं सडली तरी पानं कोमेजलेलीच दिसतात, ते बघून माणूस आणखी पाणी घालतो. कुंडीखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा तरी रिकाम्या करून घासाव्यात, कारण डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची अंड्यापासूनची वाढ सात ते दहा दिवसांत पूर्ण होते.

पानं पिवळी पडली की कुठली पिवळी पडली ते पाहा. खालची, जुनी पानं पिवळी म्हणजे नत्र कमी, कंपोस्ट घाला. वरची कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, म्हणजे लोह मिळत नाही; बहुतेकदा माती फार अल्कधर्मी किंवा सतत ओली असते. टोमॅटोच्या बुडाशी काळा, चपटा डाग पडला तर तो रोग नाही, पाणी कधी खूप कधी काहीच नाही असं झाल्यानं फळापर्यंत कॅल्शियम पोहोचलेलं नसतं. मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण यांवर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि एक-दोन मिलिलिटर पातळ साबण ढवळून, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूला फवारावं. साबण नसेल तर तेल पाण्यात मिसळतच नाही. भर उन्हात फवारलं तर पानं करपतात.

खत घरातूनच निघतं

चार माणसांच्या घरात रोज साधारण किलोभर ओला कचरा होतो. त्याचं वर्षाला ७० ते ११० किलो कंपोस्ट बनतं. दहा चौरस मीटर बागेला दर तीन महिन्यांनी चौरस मीटरमागे दोन किलो, म्हणजे वर्षाला ८० किलो लागतं. हिशेब जवळजवळ तंतोतंत जुळतो, आणि तेवढा कचरा गाडीतून शहराबाहेर जात नाही.

कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंना कर्ब आणि नत्र साधारण २५ ते ३० ला १ या प्रमाणात लागतं. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात नत्र जास्त, वाळक्या पानांत कर्ब जास्त. व्यवहारात एवढं पुरतं: ओल्या कचऱ्याचं एक भांडं, वर पालापाचोळ्याची एक ते दोन भांडी. नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास आला तर पाला कमी पडतोय. कुजका, नासका वास आला तर हवा मिळत नाही. ढीग खालीवर करा, आणखी पाला घाला. काहीच होत नसेल तर ढीग कोरडा आहे. मूठभर घेऊन दाबलं की बोटांत ओल लागावी, पण पाणी ठिबकू नये. दीड ते तीन महिन्यांत ते काळं, भुसभुशीत होतं आणि त्याला पावसानंतरच्या मातीचा वास येतो. त्याआधी घातलं तर ते मातीतलंच नत्र ओढून घेतं आणि रोपं पिवळी पडतात.

पण शहरातली भाजी विषारी नसते का?

ही शंका रास्त आहे आणि तिचं उत्तर जागेवर अवलंबून आहे. मुख्य धोका शिशाचा. शिसं घातलेलं पेट्रोल जगातून २०२१ मध्ये कायमचं हद्दपार झालं, पण दशकानुदशकं धुरातून पडलेलं शिसं रस्त्यांकडेच्या मातीतून जात नाही. जुन्या रंगाचे पोपडे, गॅरेजची आणि बॅटरी दुरुस्तीची जागा, भंगार जाळलेली जागा इथेही ते असतं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं २०२४ मध्ये निवासी मातीसाठीची तपासणीची पातळी किलोला ४०० मिलिग्रॅमवरून २०० वर आणली, यावरून या धोक्याकडे आता किती गांभीर्यानं पाहतात ते कळतं.

शिसं झाडात मुळांवाटे कमी चढतं. ते पोटात जातं मुख्यतः धुळीतून: पानांवर बसलेल्या, मुळांना चिकटलेल्या आणि मुलांच्या हातांवरच्या. म्हणून जमिनीत पेरायचं असेल तर प्रयोगशाळेत माती तपासून घ्या. शंका असेल तर जमिनीवर जाड कापड अंथरून त्यावर ३० सेंटिमीटर स्वच्छ मातीचा उंच वाफा करा. वाहत्या रस्त्यालगत फळभाज्या लावा, पालेभाज्या आणि कंद आत हलवा, रस्त्याच्या बाजूला दाट कुंपण वाढवा. आच्छादनामुळे पावसात मातीचे शिंतोडे पानांवर उडत नाहीत.

नाल्याचं पाणी मात्र कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीला कधीच नाही. त्यातले जंतू पानांच्या घड्यांत बसतात आणि धुण्यानं पूर्ण निघत नाहीत.

निदान पर्यावरणाला तरी फायदा?

जवळ पिकलं म्हणजे प्रदूषण कमी, असं आपण गृहीत धरतो. जानेवारी २०२४ मध्ये ‘नेचर सिटीज’ या नियतकालिकात मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी युरोप-अमेरिकेतल्या ७३ शहरी शेतांचा हिशेब मांडला. शहरी शेतातल्या अन्नाचा कर्बभार (ते पिकवताना हवेत जाणाऱ्या कार्बन वायूंचा हिशेब) नेहमीच्या शेतीच्या सरासरी सहापट निघाला. कारण वाहतूक नव्हे, कारण बांधकाम: वाफ्यांच्या चौकटी, शेड, वाटा. एवढं सामान थोडी वर्षं वापरून मोडलं, तर त्याचा सगळा भार थोड्याच भाजीवर पडतो. उघड्या मातीतले टोमॅटो आणि एरवी विमानानं येणारी पिकं यांत मात्र शहरी शेत सरस ठरलं.

यातून शहरी शेती सोडावी असा अर्थ निघत नाही. चौकट कमी करावी, हा निघतो. पाडकामातल्या विटा, जुने पिंप, फळांचे क्रेट वापरावेत, आणि एकदा मांडलेला वाफा वीस वर्षं टिकवावा.

आणि दिव्यांखालची शेती?

बंद इमारतीत, थरावर थर रचून, एलईडी दिव्यांखाली पिकवण्याला उभी शेती म्हणतात. पाणी फार कमी लागतं, कीड जवळजवळ नसते. पण बाहेर जो सूर्य फुकट मिळतो, तो इथे विकत घ्यावा लागतो. एक किलो सॅलडच्या पानांना दहा युनिट किंवा त्याहून जास्त वीज लागते. धान्याचा तर विचारच नको. एक किलो गव्हात सुमारे चार युनिटांएवढी ऊर्जा असते; पण दिवा काही वीज उष्णतेत घालवतो, पान मिळालेल्या उजेडाचा जेमतेम काही टक्के भाग अन्नात बदलतं, आणि त्यातला निम्मा काड होतो. शेवटी किलोमागे शंभराहून जास्त युनिट जळतात. म्हणून या कंपन्या महाग सॅलडपलीकडे जाऊ शकल्या नाहीत, आणि ज्याच्या ताटातून भाजी आधी जाते त्याच्यापर्यंत त्यांचं सॅलड कधी पोहोचलंच नाही. रोपवाटिकेसाठी किंवा अतिथंड प्रदेशासाठी हे तंत्र उपयोगी आहे. सार्वजनिक पैसा अन्नसुरक्षेच्या नावानं त्यात ओतण्यापेक्षा उघड्या वाफ्यांना पाण्याची जोडणी देणं कितीतरी जास्त कामाचं आहे.

गच्ची नसलेल्यांचं काय?

ही सगळ्यात जड हरकत आहे. ज्याला या भाजीची सर्वात जास्त गरज, त्याच्याकडे ना गच्ची, ना पाणी, ना वेळ. एका खोलीच्या दारात चार कुंड्या ठेवून कुपोषण हटत नाही. घरोघरीच्या बागांवर सगळी योजना उभी केली तर फायदा आधीच खाऊन-पिऊन सुखी असलेल्यांना होतो.

म्हणून जागा सार्वजनिक हव्यात: शाळा, रुग्णालयं, अंगणवाड्या, जलशुद्धीकरण केंद्रांभोवतीच्या पट्ट्या, वीजवाहिन्यांखालची मोकळी जमीन. दोनशे चौरस मीटर नीट राखलेले वाफे वर्षाला १,६०० ते २,४०० किलो पाला देतात. वर्षात दोनशे दिवस चालणाऱ्या शाळेत शंभर मुलांच्या जेवणात रोज माणशी साधारण ४५ ते ६५ ग्रॅम जातो, आणि मुलाला तो शिजवलेला मिळतो. सुट्ट्यांतला पाला शेजारच्या वस्तीत देता येतो. पण सुट्टीत पाणी कोण घालणार, हे पहिल्याच दिवशी ठरवलेलं नसेल तर बाग पहिल्या मोठ्या सुट्टीत मरते. शाळांच्या बागा बहुतेक याच कारणानं संपतात. एका माणसाला त्या कामाचा पगार द्यावा लागतो; केवळ स्वयंसेवकांवर ती टिकत नाही.

दुसरी अट कराराची. अकरा महिन्यांच्या परवानगीवर कुणी मातीत कंपोस्ट ओतत नाही, कारण माती तयार होईपर्यंत जागा जाते. किमान पाच वर्षांचा लेखी करार, पाण्याची स्वतंत्र जोडणी आणि विक्रीला परवानगी, एवढं तरी हवं.

आणि शहराच्या कडेला जी शेती आजही जिवंत आहे, तिला हात लावायला नको. शहरातल्या सगळ्या गच्च्या मिळून जेवढं पिकवतील, त्याहून जास्त ताजी भाजी या पट्ट्यातून रोज पहाटे येते. कोलकात्याच्या पूर्वेला सुमारे १२,५०० हेक्टरवर पसरलेली पाणथळ जमीन आहे. शहराचं सांडपाणी तिथल्या उथळ तळ्यांत येतं, ऊन आणि शेवाळ ते निवळवतात, त्यावर मासे वाढतात आणि आजूबाजूला भाजी होते. २००२ मध्ये तिला रामसर स्थळाचा, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. तरीही तिच्या कडा भराव टाकून बुजवल्या जात आहेत. असं एक तळं बुजलं की मासळी जाते, भाजी जाते, आणि ते सांडपाणी साफ करण्यासाठी शहराला वेगळा प्रकल्प बांधावा लागतो.